मज्जारज्जूला लागलेला मार रक्तात कसा दिसतो

मान मोडलेला माणूस तातडीच्या विभागात आला की त्याची एक तपासणी होते, जिला कुठलंही मोठं यंत्र लागत नाही. कापसाचा बोळा आणि एक सेफ्टी पिन, एवढंच. डॉक्टर आधी गालावर पिन टेकवून विचारतात, "हे टोकदार लागतंय ना? आता असंच सांगत जा." मग तीच पिन खांद्यावर, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, अंगठ्यावर, मधल्या बोटावर, करंगळीवर, छातीवरून खाली बेंबीपर्यंत, गुडघ्याच्या आतल्या अंगाला, पावलाच्या वरच्या भागावर. शरीराच्या प्रत्येक बाजूला अशा २८ जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी कापसाचा हलका स्पर्श कळतो का ते पाहायचं, आणि पिननं विचारायचं ते एकच: टोकदार की बोथट?

त्यानंतर स्नायू. कोपर वाकवा, मनगट उचला, पायाचा अंगठा वर करा. प्रत्येक बाजूचे १० स्नायू, प्रत्येकाला ० ते ५ गुण, दोन्ही बाजूंचे मिळून १००. आणि सगळ्यात शेवटी गुदद्वारापाशी स्पर्श किंवा दाब कळतो का, तिथले स्नायू आवळता येतात का, हे पाहतात. रुग्णाला अवघडल्यासारखं होतं, पण सगळा निकाल याच टप्प्यावर ठरतो. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाचे संदेश तिथून येतात. तिथे थोडी जरी जाण शिल्लक असेल, तर जखमेतून काही तंतू अजून शाबूत आहेत असा त्याचा अर्थ होतो आणि दुखापत 'अपूर्ण' समजली जाते. काहीच नसेल तर 'पूर्ण'.

या तपासणीवरून ए ते ई अशी श्रेणी देतात. ए म्हणजे पूर्ण दुखापत, ई म्हणजे तपासणीत सगळं ठीक. पाच पायऱ्यांची ही कल्पना १९६९ मध्ये फ्रँकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. १९८२ मध्ये अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशननं तिला नियमांत बसवलं आणि पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. आजही जगभर मज्जारज्जूच्या दुखापतीचं माप हेच आहे. मला या तपासणीबद्दल मनापासून आदर आहे. इतक्या साध्या सामानात इतकी नेमकी माहिती देणाऱ्या तपासण्या वैद्यकात फार नाहीत.

पण हा सगळा डोलारा रुग्णाच्या उत्तरांवर उभा आहे. आणि ज्या तासांत उत्तरं सगळ्यात जास्त हवी असतात, नेमक्या त्याच तासांत रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसतो. डोक्यालाही मार लागलेला असतो, श्वासासाठी नळी घातलेली असते, भुलीचं किंवा वेदनाशामक औषध चालू असतं. कधी लहान मूल असतं, त्याला टोकदार-बोथट कळत असलं तरी सांगता येत नाही. शिवाय मज्जारज्जूला जबर धक्का बसला की जखमेच्या खालचा भाग काही काळ पूर्ण गप्प होऊ शकतो, जे तंतू जिवंत आहेत तेसुद्धा. याला स्पायनल शॉक म्हणतात. त्यामुळे पहिल्या दिवशी ए दिसलेला रुग्ण खरोखरच ए आहे की नुसता गप्प आहे, हे पिन सांगू शकत नाही. म्हणूनच पुढचा अंदाज बांधायचा असेल तर साधारण ७२ तासांनी केलेली तपासणी जास्त विश्वासाची मानतात.

७२ तास थांबणं मात्र परवडत नाही. मणका सरकून मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तो शक्यतो पहिल्या २४ तासांत शस्त्रक्रियेनं काढावा, असंच आजचं वैद्यकीय मत आहे. नवी औषधं तपासणाऱ्यांनाही रुग्ण पहिल्या काही तासांतच हवे असतात. म्हणजे निर्णय आधी घ्यायचा आणि खात्रीची तपासणी नंतर. ही फट भरून काढण्यासाठी गेली कित्येक वर्षं संशोधक रक्तात खुणा शोधत आहेत. अशा मोजता येणाऱ्या खुणांना बायोमार्कर म्हणतात.

कल्पना नवी नाही. छातीत दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाचं रक्त घेऊन ट्रोपोनिन मोजतात, हे बहुतेकांना माहीत असतं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींच्या आत राहणारं प्रथिन. ते रक्तात वाढलेलं दिसलं याचा अर्थ आतल्या पेशी फुटल्या आहेत. मज्जारज्जूसाठीही असंच एखादं प्रथिन सापडावं, एवढीच अपेक्षा आहे. पण हृदय रक्तात न्हालेलं असतं, आणि मज्जारज्जू मात्र रक्तापासून जपून ठेवलेली असते. तिच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सहज जात नाही. त्यातून ती आकारानं लहान: लांबी साधारण ४५ सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी, वजन जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम. मेंदूचं वजन सुमारे १,४०० ग्रॅम. इतक्या छोट्या अवयवाच्या दोन-तीन सेंटीमीटर भागाला इजा झाली, तर त्यातून गळून गळून रक्तात किती येणार?

थोडंच येतं, पण येतं. कारण आघात त्या घट्ट भिंतीही फोडतो. आणि आघात एका क्षणात संपत नाही. पहिला मार हाडाचा असतो: मणका मोडतो, सरकतो, मज्जारज्जू चेंगरते. दुसरा मार पुढचे तास-दिवस चालतो. रक्तपुरवठा तुटतो, सूज येते, फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे रसायन सांडतं आणि शेजारच्या धडधाकट पेशींना इतकं चेतवतं की त्यांच्यात कॅल्शियम भरून त्याही मरू लागतात. त्या कॅल्शियमनं कॅल्पेन नावाचं विकर जागं होतं आणि पेशीच्या सांगाड्याचे तुकडे पाडायला लागतं. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात, मलबा उचलतात आणि त्या गडबडीत आणखी नासधूस करतात. हा दुसरा मार थांबवता येण्यासारखा आहे, निदान तत्त्वतः तरी. सगळी औषधं त्याच्यावरच रोखलेली आहेत. आणि रक्तात ज्या खुणा शोधायच्या, त्या याच मोडतोडीचा मलबा आहेत.

या मलब्यातलं सगळ्यात भरवशाचं नाव सध्या जीएफएपी. चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात, त्यांना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. त्यांच्या आतले जे टेकू असतात ते या प्रथिनाचे. अ‍ॅस्ट्रोसाइट फुटल्या, कॅल्पेननं टेकू कापले, की जीएफएपी आणि त्याचे तुकडे बाहेर पडतात. काही तासांत रक्तात वाढ दिसते, साधारण पहिल्या दिवसाच्या आसपास ती शिखरावर जाते आणि मग काही दिवसांत ओसरते. दुखापत किती मोठी हे लवकर सांगायचं असेल, तर हा वेग फार उपयोगाचा.

दुसरं नाव न्यूरोफिलामेंटचं. मज्जारज्जूतून खाली-वर धावणारे लांबलचक तंतू आतून न्यूरोफिलामेंटच्या दोऱ्यांनी ताठ राहतात. या दोऱ्यांच्या हलक्या साखळीला एनएफएल म्हणतात. तंतू तुटला की लगेच सगळा संपत नाही, तुटलेलं टोक दिवसेंदिवस झिजत जातं. त्यामुळे एनएफएल हळूहळू चढतं आणि आठवडे टिकतं. जीएफएपी आग लागल्याची वर्दी देतं असं म्हटलं, तर किती घर जळालं याचा पंचनामा एनएफएल करतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुखापतीची तीव्रता आणि पुढे स्नायूंत परत आलेली ताकद, दोन्हींशी रक्तातल्या एनएफएलचा संबंध दिसला होता. मिनोसायक्लिन हे औषध मिळालेल्यांत एनएफएल कमी होतं, असंही त्यात नोंदवलंय. रुग्ण मोजकेच होते, म्हणून मी त्यावरून औषधाबद्दल काही म्हणणार नाही. पण औषध आत काम करतंय का हे रक्तावरून कळू शकतं, ही शक्यता तिथे दिसली आणि ती मोठी आहे.

जुन्या नावांपैकी दोन इथे सांगायला हवीत, कारण त्यांनी संशोधकांना बरंच शिकवलं. एस१००बी हे प्रथिन अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये असतं, पण चरबीत आणि कूर्चेतही असतं. ज्याचा मणका मोडलाय त्याच्या मांडीचं हाडही मोडलेलं असू शकतं, बरगड्याही. मग रक्तातलं एस१००बी नेमकं कुठून आलं? दुसरं एनएसई, म्हणजे न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज. नावात 'न्यूरॉन' असलं तरी ते तांबड्या पेशींतही भरपूर असतं. प्रयोगशाळेत रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढली की खाली लाल थर बसतो आणि वर फिकट पिवळं सीरम उरतं. पण सुई नीट लागली नसेल, रक्त जोरानं ओढलं असेल, नळी हिसके देऊन हलवली असेल, तर तांबड्या पेशी फुटतात आणि तेच सीरम गुलाबी दिसतं. असं गुलाबी सीरम एनएसईसाठी वापरलं तर आकडा खोटा चढतो. मज्जारज्जूची इजा आहे तेवढीच असते, वाढलेली असते ती फक्त रक्त घेण्यातली घाई. कागदावर छापलेल्या आकड्यामागे अशी एक नळी आणि एक हात असतो, हे वाचणाऱ्यानं विसरू नये.

आता हे मोजायचं कसं? निरोगी मध्यमवयीन माणसाच्या सीरममध्ये एनएफएल मिलिलिटरला साधारण १० पिकोग्रॅमच्या घरात असतं. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. प्रथिनं मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीला इतकं बारीक दिसत नाही. त्यामुळे सुरुवातीचं बरंच काम पाठीतल्या पाण्यावर झालं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या द्रवात तरंगतात, ते हे पाणी. जखमेच्या शेजारीच असल्यानं त्यात ही प्रथिनं रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतात. कॅनडात व्हँकुव्हर इथे ब्रायन क्वॉन यांच्या गटानं २०१० मध्ये २७ रुग्णांच्या अशा पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखापतीनंतर २४ तासांनी घेतलेल्या नमुन्यात एस१००बी, जीएफएपी आणि दाह दाखवणारं आयएल-८ मोजलं, तर त्या तिघांवरून ८९ टक्के रुग्णांची श्रेणी बरोबर ओळखता आली. तपासणीची पिन एकदाही न टेकवता.

पण पाठीतून पाणी काढायचं म्हणजे कण्यात सुई घालायची, तीही ज्याचा कणा आधीच मोडलाय त्याच्या. हे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक रुग्णावर, पुन्हा पुन्हा होण्यासारखं नाही. रक्त मात्र प्रत्येकाचं घेतलंच जातं. रक्ताकडे वळता आलं ते मोजण्याची पद्धत सुधारल्यामुळे. २०१० मध्येच एका नव्या तंत्राचं वर्णन प्रसिद्ध झालं, ज्यात प्रथिनाचा एकेक रेणू वेगळा मोजता येतो. हवं ते प्रथिन पकडणारे सूक्ष्म मणी नमुन्यात सोडतात. प्रथिन इतकं कमी असतं की बहुतेक मणी रिकामेच राहतात, काहींना एकेक रेणू चिकटतो. मग हे मणी हजारो अतिसूक्ष्म खळग्यांवर पसरतात, एका खळग्यात एकच मणी मावेल अशा बेतानं. ज्या मण्याला रेणू चिकटलाय तो खळगा उजळतो. आता नुसते उजळलेले खळगे मोजायचे. एकूण उजेड किती हे पाहण्यापेक्षा दिवे किती लागलेत हे मोजणं कितीतरी सोपं आणि नेमकं, हीच त्यातली हुशारी.

हे तंत्र हाताशी आल्यावर पाण्यात दिसलेलं चित्र रक्तातही दिसू लागलं. ए श्रेणीच्या रुग्णांत जीएफएपी आणि एनएफएल जास्त, अपूर्ण दुखापतीत कमी, आणि दोन्हींचा पुढच्या सुधारणेशी संबंध. व्हँकुव्हरच्याच गटानं २०२३ मध्ये पाणी आणि रक्त दोन्हींतले आकडे शेजारी मांडून हे दाखवलं. इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी प्रथिनं बाजूला ठेवून पांढऱ्या पेशींतली कुठली जनुकं जागी झालीत त्यावरून श्रेणी ओळखण्याचा प्रयत्न केला. कुणी नेहमीच्या रक्त तपासणीतलं अल्ब्युमिन पाहिलं: १९९० च्या दशकातल्या एका मोठ्या औषधचाचणीची जुनी माहिती पुन्हा तपासली, तर अल्ब्युमिन ज्यांचं घसरलं होतं त्यांची सुधारणा पुढे कमी झालेली दिसली. ते मज्जारज्जूचं प्रथिनच नव्हे, यकृतात बनतं. एकूण शरीर किती खचलंय एवढंच ते सांगतं. पण स्वस्त आहे आणि सगळीकडे होतं, म्हणून मला ते दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

मग घोडं अडलंय कुठे?

एक तर डोक्यापाशी. मानेचा मणका मोडतो तेव्हा डोकंही आपटलेलं असण्याची शक्यता बरीच असते. जीएफएपी मेंदूतूनही येतं, मज्जारज्जूतूनही, आणि रक्तात उतरल्यावर त्याच्यावर पत्ता लिहिलेला नसतो. म्हणजे ज्या बेशुद्ध रुग्णासाठी ही चाचणी सगळ्यात जास्त हवी, त्याच्याच बाबतीत ती सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. ही खरी अडचण आहे आणि एका प्रथिनावर तिचं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही. एमआरआयमध्ये जखमेची लांबी आणि आत रक्तस्राव आहे का हे दिसतं. त्याच्या जोडीला दोन-तीन प्रथिनं ठेवली तरच काही पक्कं बोलता येईल.

दुसरं, वय आणि इतर आजार. वय वाढतं तसं एनएफएल आपोआप वाढतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार असेल, मधुमेहानं पायांच्या नसा झिजल्या असतील, तरी ते वाढलेलं असू शकतं. पंचविशीतल्या माणसाचा आणि सत्तरीतल्या माणसाचा आकडा एकाच फूटपट्टीनं वाचता येत नाही. वेळेचंही तसंच. जीएफएपी सहाव्या तासाला घेतलं की तिसाव्या, यावर आकड्याचा सगळा अर्थ बदलतो. आणि अपघात नेमका केव्हा झाला हे अनेकदा कुणालाच ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट नातेवाइकांनी समजून घ्यावी अशी आहे, कारण आकडा हातात आला की तोच निकाल वाटतो. पंधरा वर्षांची मुलं दहा वर्षांच्या मुलांपेक्षा उंच असतात, हे खरं. पण नुसती उंची सांगून "हे मूल किती वर्षांचं?" असं विचारलं, तर बऱ्याचदा चुकाल, कारण एखादं दहा वर्षांचं मूल चांगलं उंच असतं. अभ्यासात "ए श्रेणीत जीएफएपी जास्त" असं लिहिलेलं असतं ते सरासरीबद्दल. दोन गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. मधल्या पट्ट्यातला आकडा घेऊन समोरच्या एका माणसाला "तुम्ही चालणार नाही" असं सांगणं शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. टोकाच्या आकड्यांचं वजन जास्त, पण तेही इतर तपासण्यांच्या शेजारी ठेवूनच वाचायचं.

इतकं असूनही मी या विषयाबद्दल आशावादी आहे, आणि त्याचं कारण रुग्णाच्या खाटेपाशी नाही. ते औषधांच्या चाचण्यांमध्ये आहे. सुरुवातीला ए श्रेणी मिळालेल्यांपैकी साधारण ८० टक्के लोक पुढेही ए मध्येच राहतात. उरलेले साधारण २० टक्के काहीही खास न करता एखादी पायरी वर चढतात. अपूर्ण दुखापतीत हे प्रमाण अजून जास्त. आता समजा, नवं औषध दहा जणांना दिलं आणि तिघे सुधारले. औषधानं सुधारले की ते सुधारणारच होते? हे वेगळं काढायचं तर शेकडो रुग्ण लागतात. मज्जारज्जूची दुखापत तितकी सर्रास होत नाही. म्हणून चाचण्या वर्षानुवर्षं रेंगाळतात, पैसा संपतो, आणि औषध चांगलं होतं की वाईट हे न कळताच त्या बंद पडतात. रक्तावरून "आतली इजा खरोखर एवढी आहे" असं पहिल्याच दिवशी कळलं, तर सारख्यासारखे रुग्ण दोन्ही गटांत विभागता येतील आणि कमी लोकांत खरं उत्तर मिळेल. बेशुद्ध म्हणून आज ज्यांना वगळलं जातं, त्यांनाही मग सामील होता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १.५ कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. त्यांच्यासाठी याहून निकडीचं काम मला तरी दिसत नाही.

या वाटेवर कुत्र्यांनीही मदत केली आहे. लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या डॅशहुंड जातीत मणक्यांमधली गादी अचानक सरकून मज्जारज्जू चेंगरण्याचं प्रमाण खूप आहे. कुणी मुद्दाम इजा केलेली नसते. दुखापत माणसासारखीच आपली आपण होते, आणि मालक उचलून दवाखान्यात आणतात. काही कुत्र्यांत पुढे मज्जारज्जू वर-खाली विरघळत जाते आणि ती दगावतात. अशा कुत्र्यांच्या रक्तात जीएफएपी वाढलेलं आढळलं आहे. कुत्र्यालाही टोकदार की बोथट हे सांगता येत नाही, त्यामुळे पशुवैद्यांची गरज आपल्या बेशुद्ध रुग्णाच्या डॉक्टरांसारखीच आहे.

डोक्याच्या दुखापतीत गाडी पुढे गेली आहे. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही दोन प्रथिनं मोजून सीटी स्कॅन लागेल की नाही हे ठरवायला मदत करणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिली. २०२४ मध्ये तर रुग्णाशेजारीच १५ मिनिटांत उत्तर देणाऱ्या आवृत्तीलाही ती मिळाली. मज्जारज्जूसाठी अशी मंजूर चाचणी रोजच्या वापरात अजून आलेली नाही. म्हणून आज कुणी रक्ताच्या एका चाचणीवरून रुग्ण चालेल की नाही याची खात्री देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. संशोधनासाठी रक्त मागितलं तर ते वेगळं. तिथे संमतीपत्र नीट वाचा, रक्त कधी-कधी घेणार आणि किती वर्षं ठेवणार हे विचारा.

कारण ते खरंच ठेवतात. व्हँकुव्हरमध्ये मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी आंतरराष्ट्रीय नमुना पेढी आहे. अशा ठिकाणी पहिल्या दिवसाचं, दुसऱ्या दिवसाचं, पाचव्या दिवसाचं सीरम छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर गोठवलेलं असतं, आणि त्याच्या नोंदीला त्या माणसाची सहा महिन्यांनंतरची, वर्षानंतरची पिन-कापसाची तपासणी जोडलेली असते. उद्या कुणाला नवं प्रथिन सापडलं तर नव्या अपघातांची वाट पाहत बसावं लागत नाही. नळी वितळवायची, मोजायचं, आणि त्या रात्री ज्याला काहीच सांगता आलं नव्हतं त्याच्या मज्जारज्जूत नेमकं काय चाललं होतं, ते पाहायचं.